युव्हेंटस सात फायनल का हरला : हा वाद नीट कसा घालायचा

चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या फुटबॉल क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जुनं नाव युरोपियन कप) हिच्या फायनलच्या रात्री इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात घेऊन चार जण उभे राहिले, की कोणीतरी म्हणतंच, "युव्हेंटस? अरे भिया, ती तर फायनलला कच खाणारी टीम." समोरचा म्हणतो, "इटलीत सलग नऊ लीग जिंकणारी टीम कच्ची कशी?" मग अर्धा तास आवाज चढतात आणि दोघंही आपापल्या जागी राहतात. कारण एक क्लबबद्दल बोलत असतो, दुसरा एका काळाबद्दल. हा वाद निकालापर्यंत नेता येतो. त्यासाठी लागतो एक आखीव कागद, पेन आणि साधारण चाळीस मिनिटं.

पहिलं काम म्हणजे प्रश्न कागदावर लिहून घेणं. "युव्हेंटस महान आहे का?" हा प्रश्न वादाला निरुपयोगी आहे. "प्रशिक्षक लिप्पींचा १९९५ ते १९९८ चा युव्हेंटस संघ युरोपातल्या मोठ्या घराण्यांत, म्हणजे वर्षामागून वर्ष वर राहणाऱ्या संघांत, बसतो का?" हा चालतो, कारण त्यात माणूस आहे आणि मुदत आहे. नऊ फायनलमधले युव्हेंटसचे सात पराभव १९७३ ते २०१७ अशा ४४ वर्षांत पसरले आहेत. १९८३ ला गोलात झोफ होता, २०१७ ला बुफॉन. या दोन सामन्यांना एकाच रोगाची दोन लक्षणं म्हणणं म्हणजे आजोबांचा ताप नातवाच्या केस पेपरवर लिहिणं.

आता कागदावर पाच रकाने आखा : वर्ष आणि प्रतिस्पर्धी, प्रशिक्षक, निकाल कसा लागला, सामन्याआधी पारडं कोणाचं जड होतं, आणि कोण खेळू शकलं नाही. नऊच्या नऊ फायनल भरा, जिंकलेल्या दोनही. नुसते पराभव मांडले की चित्र आपोआप केविलवाणं दिसतं आणि वाद तिथेच एका बाजूला कलतो.

ओळी अशा येतील, युव्हेंटसचे गोल आधी. १९७३, अयाक्स, ०-१. १९८३, हॅम्बुर्ग, ०-१, मागाटचा सुरुवातीचाच गोल. १९८५, लिव्हरपूल, १-०. १९९६, अयाक्स, १-१ आणि पेनल्टीवर विजय. १९९७, डॉर्टमुंड, १-३. १९९८, रेआल माद्रिद, ०-१, मियातोविचचा गोल. २००३, मिलान, ०-० आणि पेनल्टीवर हार. २०१५, बार्सिलोना, १-३. २०१७, रेआल माद्रिद, १-४. प्रशिक्षकांचा रकाना भरला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते : सात पराभवांपैकी तीन लिप्पींचे, दोन आलेग्रींचे आणि एकेक विचपालेक व त्रापात्तोनींचा. त्यातल्या त्रापात्तोनी आणि लिप्पींनीच क्लबला दोन्ही कप मिळवून दिले. म्हणजे "क्लबलाच शाप आहे" या वाक्याला कागदावर जागा उरत नाही.

सगळ्यात जास्त चुका पारड्याच्या रकान्यात होतात. निकाल माहीत असल्यामुळे जो जिंकला तोच वरचढ होता असं वाटू लागतं. त्यावर उपाय म्हणजे हा रकाना भरताना निकालाचा रकाना हाताने झाकायचा आणि फक्त त्या आधीची दोन-तीन वर्षं बघायची. १९७३ चा अयाक्स सलग तिसरा युरोपियन कप घ्यायला आला होता. २०१५ च्या बार्सिलोनाने त्या मोसमात स्पेनची लीग आणि कप दोन्ही घेतले होते. या दोन ठिकाणी हरणं म्हणजे कच खाणं नव्हे. १९८३ ची गोष्ट वेगळी. इटलीच्या १९८२ च्या विश्वविजेत्या संघातले झोफ, शिरेआ, जेंतिले, काब्रिनी, तार्देल्ली, रॉसी आणि वर प्लातिनी, बोनिएक असा संघ हॅम्बुर्गपुढे एकही गोल करू शकला नाही. १९९८ ला रेआलने १९६६ नंतर हा कप पाहिलाही नव्हता. तिथे पारडं सरळ युव्हेंटसचं.

१९९७ मात्र नीट बघण्यासारखं आहे. डॉर्टमुंड दुबळा नव्हता, १९९५ आणि १९९६ ची जर्मन लीग त्यांचीच होती. कोलर, रॉयटर, म्योलर आणि पाउलो सोझा हे चौघं त्या दिवशी डॉर्टमुंडकडून खेळले, आणि चौघंही आधी युव्हेंटसचेच. त्यातल्या सोझाने तर आदल्याच वर्षी युव्हेंटसकडून हा कप उचलला होता. डॉर्टमुंडच्या रीडलेने पहिल्या अर्ध्यात दोन गोल केले. युव्हेंटसचा देल पिएरो मध्यंतरानंतर आला आणि टाचेने गोल करून त्याने १-२ केलं. तेवढ्यात डॉर्टमुंडचा रिकेन मैदानात आला आणि पहिल्याच स्पर्शात त्याने लांबून चेंडू उचलून मारला. युव्हेंटसचा गोलकीपर पेरुझी गोलरेषेच्या पुढे उभा होता, चेंडू त्याच्या डोक्यावरून वळत जाळ्यात गेला. रिकेनला मैदानात येऊन वीस सेकंदंही झाली नव्हती. या सामन्याची दोन पानांची मीमांसा करण्याआधी हा एक गोल पुन्हा पाहा. हार कुठे झाली, तयारीत की एका क्षणात, ते तेव्हाच बोला.

अशा रीतीने सात पराभव तीन गठ्ठ्यांत पडतात. वरचढ असून हरले : १९८३, १९९७, १९९८. बरोबरीचे : २००३ आणि २०१७. कमी पडणं अपेक्षित होतं : १९७३ आणि २०१५. "सात वेळा अपयश" असं म्हणणाऱ्याला हिशोबाने तीनच पूर्ण मिळतात. २०१७ बद्दल कोणी हटून बसलं तर बसू द्या, पण एक आकडा समोर ठेवा : त्या फायनलपर्यंतच्या १२ सामन्यांत युव्हेंटसने फक्त ३ गोल खाल्ले होते. कार्डिफमधल्या त्या फायनलच्या मध्यंतराला १-१ होतं आणि युव्हेंटसच्या मांझुकिचचा गोल तर चेंडू जमिनीला न टेकता चार जणांकडून फिरून आला होता. नंतर रेआलच्या कासेमिरोचा फटका युव्हेंटसच्या खेदिराला लागून वळला आणि सामना हातचा गेला.

नशिबाचा मुद्दा कोणीतरी काढतोच. तो हवेत सोडू नका, मोजा. प्रत्येक फायनल नाणेफेकीसारखी धरली तर नऊपैकी दोन किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता ५१२ पैकी ४६, म्हणजे जवळपास ९ टक्के. अकरा-बारा क्लबांत एखाद्याच्या वाट्याला हे येऊ शकतं. म्हणजे फक्त नशीब म्हणून हात झटकता येत नाहीत, पण शापही सिद्ध होत नाही. शिवाय अयाक्स आणि बार्सिलोनासमोरचं नाणं सरळ नव्हतंच.

पेनल्टीबाबत नियम एकच ठेवा : दोन्हीकडे सारखा. २००३ ला युव्हेंटसचा नेदवेद उपांत्य सामन्यात पिवळं कार्ड घेऊन बाहेर होता, १२० मिनिटांत गोल झाला नाही आणि पेनल्टीवर ३-२ ने मिलानने कप नेला. ही हार धरायची नसेल तर १९९६ चा विजयही धरता येत नाही. बहुतेक वाद इथेच फसतात, कारण जो तो एक पेनल्टी धुऊन घेतो आणि दुसरी पदरात ठेवतो.

१९८५ ची ओळ भरा आणि पुढे जा. ब्रुसेल्सच्या हेसल मैदानात त्या संध्याकाळी चेंगराचेंगरीत ३९ माणसं जिवानिशी गेली, तरी सामना खेळवला गेला. प्लातिनीची पेनल्टी ज्या फाउलवर मिळाली तो पेनल्टी क्षेत्राबाहेर होता. मोजणीत ती फायनल धरावी, पण बाजू मांडायला किंवा टोमणा मारायला तिचा वापर करू नये. कोणी केलाच तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता घराण्याचा प्रश्न. इंदूरकरांकडे यासाठी घरचंच माप आहे. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत रणजीच्या दहा फायनल खेळल्या. त्यातल्या चार जिंकल्या, सहा हरल्या. १९४७ ला बडोद्याविरुद्ध तर हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी रचून होळकरांना पार झोपवलं. तरीही सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या त्या संघाला कोणी फायनलला कच खाणारा म्हणत नाही. का? कारण दाटी. वर्षामागून वर्ष शेवटच्या सामन्यात तोच संघ उभा होता. हरलेली फायनलसुद्धा तिथवर पोचल्याचा पुरावा असते. अट एवढीच की त्या दाटीत काही कपही असले पाहिजेत.

हे माप युव्हेंटसला लावा. सगळा क्लब धरला तर नऊ फायनल इतक्या पांगलेल्या आहेत की दाटी दिसत नाही. रेआलने १९५६ ते १९६० सलग पाच आणि पुढे २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत चार कप घेतले. त्या रांगेत युव्हेंटसला बसवू नका. २०१२ ते २०२० ची सलग नऊ लीग ही इटलीतली सत्ता, युरोपातली नव्हे. दोन्हींसाठी वेगळे कागद करा.

मग लिप्पींची चार वर्षं घ्या आणि शेजारी त्याच काळातलं प्रशिक्षक कापेलोंचं मिलान ठेवा. मिलान सलग तीन फायनल खेळलं : १९९३ ला मार्सेकडून ०-१ हार, १९९४ ला बार्सिलोनावर ४-० विजय, १९९५ ला अयाक्सकडून ०-१ हार. युव्हेंटसच्याही सलग तीन, त्यातही एकच विजय. कापेलोंच्या पाच मोसमांत चार लीग, लिप्पींच्या चार मोसमांत तीन. शिवाय युव्हेंटसकडे १९९६ चा युरोपियन सुपर कप, त्यात पॅरिस सें-जर्मेन क्लबला दोन सामन्यांत मिळून ९-२ ने हरवलेलं, आणि त्याच वर्षीचा इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला सामना. कागद सारखाच असून एकाला घराणं आणि दुसऱ्याला अपयशी का म्हणतात, याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. मिलानचा विजय ४-० चा होता आणि युव्हेंटसचा पेनल्टीवरचा, एवढाच खरा फरक निघतो. तो फरक मोठा आहे की नाही, यावर बोला. इथे वाद खरोखर रंगतो.

बसताना दोन पथ्यं पाळा. सुरुवातीलाच प्रत्येकाने सांगावं की कोणती गोष्ट दाखवली तर तो मत बदलेल. काहीच नाही म्हणणाऱ्याला वेळ मोजायला बसवा. आणि निम्म्या वेळेनंतर बाजू बदला, काकांनी पुतण्याची मांडावी आणि पुतण्याने काकांची. आपली टीम हरली त्याच रात्री मात्र हे करू नका. सामना साडेबाराला सुरू होऊन पहाटे तीनला संपला असेल तर रविवारच्या पोह्या-जिलबीपर्यंत थांबा.

शेवटी निकाल एका ओळीत लिहा, खाली तारीख टाका. आमच्या कागदावर ती ओळ अशी आहे : लिप्पींचं युव्हेंटस कापेलोंच्या मिलानच्या बाजूला, कापेलोंआधीचे प्रशिक्षक साक्कींच्या मिलानच्या एक पायरी खाली, कारण साक्कींकडे लीग एकच असली तरी १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप आहेत.