पॅनिक आणि चिंतेसाठी गोळी सुरू करताय? पहिल्या काही आठवड्यांतल्या या चुका टाळा

पॅनिकचा झटका आलेला माणूस आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, ‘आता आपण जातो’ अशी खात्री पटते. म्हणून घरचे रात्री-अपरात्री गाडी करून त्याला जळगावला नाहीतर धुळ्याला हृदयाच्या डॉक्टरकडे नेतात. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, रक्ततपासणी नॉर्मल. अशा काही फेऱ्या झाल्यावर मानसोपचाराची वाट सापडते आणि एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन किंवा पॅरोक्सेटिनची गोळी सुरू होते. एवढ्या खटाटोपानंतर मिळालेली ही गोळी बरेच जण पहिल्याच आठवड्यात सोडतात आणि ‘मला ती सोसत नाही’ असं ठरवून टाकतात. पुष्कळदा गोळी बरोबरच असते. काय होणार, कधी होणार आणि कधी थांबणार हे मात्र कुणी नीट सांगितलेलं नसतं.

पाचव्या दिवशी गोळी बंद करणे

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं, म्हणून यावर थोडं थांबू.

या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर पहिल्या दिवसापासून काम करतात, पण मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात उलटंच वाटू शकतं: आतून थरथर, अस्वस्थता, झोप मोडणे, घाम, धडधड. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घेतली, तोच वाढल्यासारखा वाटतो. पॅनिकच्या रुग्णाचं लक्ष आधीच चोवीस तास स्वतःच्या नाडीवर असतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला जाणवणारही नाही एवढी धडधड त्याला मोठी वाटते. त्यातूनच नवा झटका येतो, आणि गोळी खिडकीतून बाहेर जाते.

साधारण वेळापत्रक असं असतं. मळमळ, पातळ शौचास होणे, डोकेदुखी, जांभया, तोंड कोरडं पडणे आणि ही वाढलेली अस्वस्थता पहिल्या एक-दोन आठवड्यांत जास्त असते, मग ओसरते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात थोडा उतार जाणवू लागतो. चार ते सहा आठवड्यांत फरक घरच्यांनाही दिसतो. पॅनिकमध्ये पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडेही लागतात. शिवाय सगळं एकदम बरं होत नाही. बहुधा आधी झटक्यांचा जोर आणि संख्या कमी होते, ‘पुन्हा येईल का’ ही धास्ती मागाहून जाते. धास्ती अजून आहे म्हणून गोळी लागू पडत नाही, असा हिशोब तिसऱ्या आठवड्यात मांडू नका.

पहिल्या पंधरा दिवसांतली डॉक्टरांची दुसरी भेट आधीच ठरवून घ्या. ‘महिन्याने या’ असं सांगितलं असेल, तर मधे त्रास झाल्यास फोन कुणाला करायचा हे त्याच दिवशी विचारा.

पहिल्याच दिवशी पूर्ण डोस

हीच औषधं नैराश्यातही देतात, पण तिथे चालणारा सुरुवातीचा डोस पॅनिकच्या रुग्णाला पुष्कळदा जड जातो. म्हणून पॅनिकमध्ये निम्म्याने सुरुवात करतात: एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम, आठवड्याने १०. सर्ट्रालिन २५, आठवड्याने ५०. पॅरोक्सेटिन १० पासून, हळूहळू वर. व्हेनलाफॅक्सिन दिलं असेल तर त्याची सुरुवात ३७.५ ने होते. तुमच्या चिठ्ठीवर याहून जास्त लिहिलेलं असेल तर त्याला कारण असू शकतं, स्वतःहून बदलू नका. पण ‘कमीपासून सुरू करता येईल का’ हा प्रश्न जरूर विचारा. खूपच त्रास झाला तर गोळी बंद करण्याऐवजी डोस खाली आणून सावकाश वाढवणे हा मार्ग असतो, आणि तो डॉक्टरांना फोनवरही सांगता येतो.

गोळी जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी, सुस्ती येत असेल तर रात्री. वेळ मात्र रोज एकच. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर कालची सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. श्रावणाचे किंवा नवरात्राचे उपवास असले तरी गोळी चुकवायची नाही, फराळावर घेतली तरी चालते. रोजा असेल तर सहरी किंवा इफ्तार यांपैकी एक वेळ डॉक्टरांना विचारून पक्की करा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाताना गोळ्या सासरीच राहणे हे आपल्याकडे नेहमीचं. पिशवीत कपड्यांच्या आधी गोळ्या टाका.

एकाच गोळीत दोन औषधं आहेत हे न पाहणे

पाकिटाच्या मागे नाव वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ अशी जोडगोळी सर्रास लिहिली जाते. क्लोनाझेपाम अर्ध्या-एक तासात शांत करतं, म्हणून रुग्णाला वाटतं की ‘ही गोळी भारी आहे’. सुरुवातीचे दोन-चार आठवडे निभावून न्यायला त्याचा खरोखर उपयोग होतो. अडचण पुढे येते. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, ते हळूहळू कमी करून काढायचं असतं, आणि एस्सिटालोप्रॅम तर महिनोन्‌महिने चालू ठेवायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असली की एक काढून दुसरं ठेवता येत नाही. माणूस तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवत वर्षभर क्लोनाझेपाम घेत राहतो. गोळ्या संपल्या की दोन्ही एकाच दिवशी बंद होतात; तेव्हा जो त्रास होतो त्याला तो ‘आजार परत आला’ असं समजतो. क्लोनाझेपाम अचानक सोडल्याने फिट येण्याचाही धोका असतो.

म्हणून दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत मागा, आणि क्लोनाझेपाम किती दिवस, कोणत्या तारखेपासून अर्धी, कधी बंद, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. ते चालू असताना दारू अजिबात नाही. दोन्ही मिळून झोप आणि श्वास दोन्हींवर दाब आणतात. पहिले काही दिवस मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीवरची कामं दुसऱ्यावर सोपवा.

मळमळ झाली म्हणून अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, अंग दुखलं म्हणून कुठलीही गोळी

मळमळ होते, माणूस मेडिकलवर जातो, आणि पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल घेऊन येतो. एस्सिटालोप्रॅम आणि डॉम्पेरिडोन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतलयीवर परिणाम करतात. एकत्र घेणं टाळायचं असतं. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्याच औषधांनी एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ६५ वर्षांवरच्यांना एस्सिटालोप्रॅम साधारणपणे १० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही याच ठोक्यांच्या कारणाने. मळमळीला आधी साधे उपाय करा: जेवणानंतर गोळी, थोडं थोडं खाणं, काही दिवस तिखट-तेलकट कमी. शेवभाजीचा झणका दोन आठवडे बाजूला ठेवावा लागेल; वरणबट्टीही तूप बेताचं घालून.

अंगदुखीच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असेल तर ती घेऊ नका. पॅरासिटामॉलसोबतच्या जोडगोळ्यांतही ते असतं. कोरड्या खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक यांच्याबाबतही तीच सावधगिरी. अशा जोड्यांतून सेरोटोनिन धोक्याइतकं वाढू शकतं: ताप, जोराची थरथर, स्नायू ताठणे, गोंधळल्यासारखं वागणे, जुलाब. अशी लक्षणं एकत्र दिसली की थेट दवाखाना गाठायचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन रोज चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, डॉक्टरांना सांगा. साध्या तापाला, डोकेदुखीला नुसतं पॅरासिटामॉल चालतं.

ऊन, बीपीची गोळी आणि फवारणी

भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. या गोळ्यांनी घाम वाढतो, त्यामुळे उन्हाची चक्कर लवकर येते. साठीच्या पुढच्या माणसाने जास्त जपायचं, त्यातही ज्यांच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे त्यांनी. पॅनिकची गोळी आणि ही बीपीची गोळी, दोन्हींनी रक्तातलं सोडियम (मीठ) उतरू शकतं, आणि वरून नुसतं पाणी पीत राहिलं तर ते आणखी खाली जातं. बोलणं विसंगत होणे, झोकांडी जाणे, सतत झोप येणे याला ‘गोळीची गुंगी’ समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. वयस्कर माणसाला गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एकदा सोडियम पाहून घ्यावं, तपासणी साधी आहे. गोळ्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नका.

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांची बाधा झाली की घाम, मळमळ, थरथर, छाती आवळणे हेच सुरू होतं, आणि पॅनिकची गोळी चालू असलेला माणूस म्हणतो, ‘हे गोळीचंच आहे’ किंवा ‘झटका आला’. फवारणीनंतर काही तासांत लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक होणे, अंधुक दिसणे, पोटात मुरडा यांतलं काही झालं तर विषबाधा समजा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि कीटकनाशकाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

डॉक्टरांना अर्धंच सांगणे

काही गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा. पूर्वी कधी आठवडाभर झोप न लागता भलताच उत्साह, बडबड, उधळपट्टी झाली होती का, किंवा घरात कुणाला तसं होतं का? असेल तर नुसत्या या गोळीने ती अवस्था उसळू शकते, उपचार वेगळा करावा लागतो. रोजची दारू, दिवसभराचे चहा, गुटखा-तंबाखू हेही सांगा. चहा आणि तंबाखू दोन्ही धडधड वाढवतात. गोळी सुरू करताना निदान संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन झालं नसेल तर करून घ्या. जास्त काम करणारं थायरॉईड आणि रक्तक्षय दोन्ही पॅनिकसारखे दिसतात. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची नोंद असलेल्या माणसाची छातीतली कळ किंवा दम कधीच ‘घाबरल्यामुळे’ म्हणून सोडू नये.

लैंगिक त्रासाबद्दल कुणी बोलत नाही, आणि पुष्कळ पुरुष फक्त त्यासाठी गुपचूप गोळी सोडतात. इच्छा कमी होणे, वीर्यपतनाला उशीर, स्त्रियांमध्ये तृप्ती न येणे हे या औषधांचे नेहमीचे परिणाम आहेत. डोस कमी करणे किंवा औषध बदलणे असे उपाय आहेत, पण ते सांगितल्याशिवाय मिळणार नाहीत. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर गोळी स्वतः बंद न करता लगेच डॉक्टरांना भेटा. पॅरोक्सेटिन शक्यतो टाळतात, इतर पर्याय असतात.

घरच्यांनी लक्ष न ठेवणे

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात. रोज एकदा सरळ विचारा, विचारल्याने असे विचार डोक्यात घातले जात नाहीत. खूप चिडचिड, एका जागी बसवेना, रात्र रात्र जागरण, निरवानिरवीची भाषा दिसली तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. घरातली कीटकनाशकं कुलपात किंवा दुसऱ्याच्या गोदामात हलवा, गोळ्यांचं पाकीट घरच्यांकडे ठेवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात आणि धुळे, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची सोय आहे.

गोळीवर सगळं सोडणे

झटके थांबले तरी माणूस एसटीत बसत नाही, आठवडे बाजार टाळतो, ‘मना जीव घाबरस’ म्हणत लग्नाच्या मांडवातून निघून येतो. भीती वाटली की पळायचं, ही शिकलेली सवय गोळी पुसत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, जमलं तर समुपदेशकाच्या मदतीने, पायऱ्या आखा: आधी सोबत घेऊन एसटीने एक थांबा, मग एकट्याने, मग तालुक्यापर्यंत. धडधड सुरू झाली तरी ती ओसरेपर्यंत उतरायचं नाही. पुढची पायरी आधीची दोन-तीनदा जमल्यावरच. खिशात क्लोनाझेपाम असल्याशिवाय निघायचंच नाही, हीसुद्धा पळवाटच आहे. तिच्यापासूनही हळूहळू सुटायचं असतं.

बरं वाटलं म्हणून बंद करणे

बरं वाटू लागल्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात. नंतर काही आठवडे ते काही महिन्यांत डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात लहान ठेवतात. अचानक सोडली तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणे, चिडचिड, विचित्र स्वप्नं, मळमळ होते. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये हे जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून फार सावकाश उतरतं. हा त्रास झाला म्हणजे व्यसन लागलं असं नाही. या गोळ्यांची तलफ येत नाही, डोसही आपोआप वाढत जात नाही.

हा त्रास आणि परत आलेला आजार यांतला फरक ओळखता येतो. गोळी सोडल्याचा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो, त्यात चक्कर आणि ते विजेचे झटके असतात, आणि गोळी पुन्हा घेतली की एक-दोन दिवसांत शमतो. आजार परतत असेल तर तो आठवड्यांनी, हळूहळू, जुन्याच ओळखीच्या लक्षणांनी येतो. पहिला असेल तर मागच्या डोसवर जाऊन आणखी सावकाश उतरायचं. दुसरा असेल तर काही काळ पुन्हा पूर्ण डोस लागतो. कमी करायला पेरणीची धावपळ, लग्नसराई किंवा परीक्षेचे दिवस निवडू नका. रब्बीचं काम हातावेगळं झाल्यावरचे किंवा असेच निवांत आठवडे धरा, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.