मोठ्या जातीचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

आठ आठवड्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू साधारण ५ किलोचे असते आणि एका हाताच्या कवेत सहज मावते. वर्षभरात त्याच पिल्लाचे वजन ३० किलोच्या घरात जाते. ग्रेट डेनसारखी जात तर ५० किलोही ओलांडते. लहान जातींच्या कुत्र्यांची हाडे आठ-दहा महिन्यांत पक्की होतात. लॅब्रॅडॉरला किंवा जर्मन शेफर्डला त्यासाठी वर्ष-दीड वर्ष लागते आणि ग्रेट डेनला दीड ते दोन वर्षे. या काळात सांधे कोवळे असतात आणि त्यांच्यावरचा भार मात्र दर आठवड्याला वाढत असतो. त्यामुळे घरातली फरशी, वाडग्यातले अन्न आणि इमारतीचा जिना या तीन गोष्टींचा विचार पिल्लू दारात येण्याच्या निदान पंधरा दिवस आधी झालेला असावा.

सुरुवात पिल्लाच्या आईवडिलांपासून करावी. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष, ज्याला डॉक्टर हिप डिस्प्लेशिया म्हणतात, बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत तो वारंवार आढळतो. ब्रीडरकडे, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्याकडे, नर-मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत, निदान आई प्रत्यक्ष दाखवायला सांगावी आणि ती उठते कशी, चालते कशी हे नीट पाहावे. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबची कागदपत्रे वंशावळ सांगतात, सांध्यांच्या आरोग्याची हमी ती देत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ‘पाच आठवड्यांचेच घेऊन जा, लवकर लळा लागेल’ असे कोणी म्हणाले तर तिथून परत फिरावे. आईच्या आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू चावण्याची मर्यादा शिकते आणि ते शिक्षण माणसाला तितके चांगले देता येत नाही.

जात निवडताना आपल्या हवेचाही विचार व्हावा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात सेंट बर्नार्डला ठेवणे म्हणजे त्याला वर्षातले चार महिने एका खोलीत कोंडणे होय. मराठवाड्यातला कारवान जातीचा शिकारी कुत्रा तिथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आहे. ज्यांच्याकडे धावायला मोकळे रान आहे त्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

आता फरशी. आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा मार्बल असते. आमचे पिल्लू पहिल्या दिवशी हॉलमध्ये ठेवले तेव्हा त्याचे मागचे दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला पसरले; ते उठले, दोन पावले चालले आणि पुन्हा पसरले. असे दिवसातून पन्नास वेळा होऊ लागले की कोवळ्या खुब्यावर ताण येतो. यावर महागडा उपाय लागत नाही. जिथे पिल्लू उठते-बसते, खाते आणि खेळते त्या वाटेवर रबरी मॅट किंवा खाली न सरकणारी जाड सतरंजी अंथरावी, नखे वेळेवर कापावीत आणि ओली फरशी वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर आणि आणखी दोन मोठ्या जातींवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या दोषाचे प्रमाण अधिक होते, तर मोकळ्या, मऊ जमिनीवर आपल्या मर्जीने बागडणाऱ्या पिल्लांमध्ये ते कमी होते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी पिल्लाला उचलून नेण्याची तयारी ठेवावी. चौथ्या महिन्यात ते १५ किलोच्या आसपास जाईल हेही लक्षात घ्यावे. चेंडूमागे सक्तीने पळवणे किंवा सोफ्यावरून उड्या मारू देणे वर्षभर टाळलेलेच बरे.

सर्वांत जास्त चुका आहारात होतात, आणि त्या मायेपोटी होतात. पिल्लू मोठ्या जातीचे, म्हणजे त्याला जास्त कॅल्शियम हवे, असा समज घराघरांत आहे आणि आम्हीही तो बाळगून होतो. शेजारच्या काकांनी आपुलकीने सांगितले म्हणून आम्ही रोज दोन चमचे कॅल्शियमचे सिरप देत होतो, वर दूध आणि अंडे. सहाव्या महिन्यात ते पुढच्या पायाने लंगडू लागले. डॉक्टरांनी आधी त्याचे वजन केले, मग सिरप ताबडतोब बंद करायला लावले. कारण असे, की साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्यांना जादा कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढे पोटात जाते त्यातले बरेचसे रक्तात उतरते आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणून मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी म्हणून बनवलेलेच खाद्य निवडावे, पाकिटावरचे कॅल्शियमचे प्रमाण वाचावे (पाण्याचा अंश वगळून १.८ टक्क्यांच्या वर ते कधीच नसावे) आणि त्यावर आणखी कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. नुसती दूध-पोळी हा पिल्लाचा आहार होत नाही. घरचे अन्न द्यायचे असेल तर त्याचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

पिल्लू गुबगुबीत दिसले की सगळ्यांना बरे वाटते, पण मोठ्या जातीत गुबगुबीतपणा घातक ठरतो. छातीवरून हलका हात फिरवला तर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिले तर कंबर दिसली पाहिजे. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, नंतर तीन आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा, दर वेळी मोजून खायला द्यावे. पंधरा दिवसांनी वजन करून ते वहीत लिहून ठेवावे.

सामान थोडेच लागते. क्रेट, म्हणजे झोपण्याचा जाळीदार पिंजरा, घ्यायचा तर तो मोठेपणीच्या मापाचा घ्यावा. लॅब्रॅडॉरसाठी ४२ इंची पुरतो. मध्ये जाळीची आडवण घालून सुरुवातीला जागा लहान ठेवावी, म्हणजे पिल्लू झोपण्याच्या जागेत शी-शू करणार नाही. जड बुडाची स्टीलची वाडगी, चावायला कडक रबरी खेळणी, सहा फुटी पट्टा आणि वाढत्या अंगानुसार सैल करता येणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) एवढे पुरेसे आहे. गळ्यात साखळी नको.

पशुवैद्य आधीच ठरवून त्यांची वेळ घ्यावी. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिचे डोस चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर दिली जाते. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात पाणी साचते, तेव्हा लेप्टोस्पायरोसिसच्या लशीबद्दल आवर्जून विचारावे. जंताचे आणि गोचिडांचे औषध किती वजनाला किती, हेही तेव्हाच समजून घ्यावे. पार्व्होचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. आदल्या वर्षी घरात किंवा आवारात एखादे कुत्रे पार्व्होने गेले असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याखेरीज नवे पिल्लू तिथे आणू नये. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नये, मात्र कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, भाजीवाल्याची हाक आणि लहान मुलांचा गलका त्याला रोज थोडा थोडा ऐकवावा. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात ज्याची ओळख होते त्याची भीती पुढे सहसा वाटत नाही, आणि ४० किलोच्या घाबरट कुत्र्याला आवरणे फार कठीण असते.

मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण, उंदराचे औषध आणि आपल्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या त्याच्या तोंडाला येणार नाहीत अशा ठेवाव्यात. हे कुत्रे सहाव्या महिन्यात ओट्यावर पंजे टेकू शकते, त्यामुळे उंची त्या हिशेबाने धरावी. बाल्कनीत कण्हेर किंवा सायकस पामची कुंडी असेल तर ती देऊन टाकावी. महापालिकेचा परवाना कसा मिळतो याचीही चौकशी करून ठेवावी.

घरातल्या सर्वांनी एकत्र बसून नियम ठरवावेत. आजी जेवताना ताटातली पोळी देणार आणि वडील त्यासाठी रागावणार, असे झाले तर पिल्लाला काहीच कळत नाही. आज कौतुकाने अंगावर घेतलेली उडी वर्षभराने आजींना पाडेल, म्हणून ती पहिल्या दिवसापासूनच थांबवावी.

पिल्लू आणायला जाताना एक जुनी चादर सोबत न्यावी आणि आई व भावंडांच्या अंगावर थोडी घासून घ्यावी. ब्रीडरकडे जे खाद्य चालू होते तेच पहिले आठ-दहा दिवस द्यावे. बदल हळूहळू करावा. प्रवासाआधी दोन-तीन तास पोट रिकामे असलेले बरे. पहिल्या रात्री ते रडेल. त्याचा क्रेट आपल्या पलंगाशेजारी ठेवावा, ती चादर आत अंथरावी आणि जाळीतून दोन बोटे त्याच्यापाशी राहू द्यावीत. रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा बाहेर न्यावे लागेल. त्यासाठी गजर लावून, चपला दारातच काढून ठेवाव्यात.