ऑनलाइन शिकताना मन उडतं? या चुका टाळा

जुलैत उत्साहाने ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर नाव नोंदवणारी आमची मुलं गणपतीपर्यंत गळायला लागतात. राजापूरच्या बाजूला शिकवताना दरवर्षी हे बघते. आळशी आहेत, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही.

पहिली चूक म्हणजे नियम न वाचता हार मानणं. पावसात वाडीची लाईट गेली, दोन आठवड्यांच्या असाइनमेंट राहिल्या, की ‘आता काय उपयोग’ म्हणून पोरं कोर्सच सोडतात. पण ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींनी चालवलेल्या, १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारणपणे सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटचेच गुण धरतात, तेही १०० पैकी २५. उरलेले ७५ केंद्रावरच्या परीक्षेचे. दोन बुडाल्या तरी कोर्स बुडत नाही!

रेंजसाठी वर सड्यावर, उघड्या माळावर जावं लागत असेल तर तिथे बसून व्हिडिओ बघू नका. कमी क्वालिटीत उतरवून घ्या आणि घरी बघा.

सगळ्यात मोठी चूक मात्र आम्हा शिक्षकांची. माझी एक विद्यार्थिनी जांभ्याच्या चिऱ्यावर बसून, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत धरून, भर पावसात हिशेबाची उदाहरणं पाठवायची. मी फक्त अंगठा टाकायचे. तिसऱ्या आठवड्यात तिचं पाठवणं बंद झालं. मग मी आवाजात निरोप पाठवला, ‘मागच्या तिसऱ्या उदाहरणात यंत्रावरचा घसारा वजा केला नाहीस, परत बघ.’ संध्याकाळी दुरुस्त करून आलं, सोबत दोन शंका! आपलं कुणीतरी वाचतंय एवढं कळणं पुरे होतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या: स्वतः निवडता येणं, जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. एकट्याने स्क्रीनसमोर बसलं की तिसरी आधी तुटते. म्हणून वाडीतल्या दोघातिघांनी एकत्र बसा, कोर्स वेगळे असले तरी.

आणि घरच्यांनो, ‘घरीच तर आहेस’ म्हणून लेक्चरमधून उठवू नका. भाताच्या लावणीला हात लागतात, तरवा थांबत नाही, हे मलाही कळतं. पण मुलीलाच जास्त उठवलं जातं, हेही खरं. त्या विद्यार्थिनीच्या आईशी मी बोलले. आता रात्री साडेआठ ते साडेनऊ तिला घरात कुणी हाक मारत नाही.