नवजात उंदराच्या आतड्यातील काहाल पेशी: जाळे आणि लय एकत्र कशी तपासावी

आतड्याचा ठेका काहाल पेशी धरतात. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस या पेशी पाहिल्या आणि त्यांना चेतापेशींचा प्रकार मानले. प्रत्यक्षात त्यांचा उगम अरेखित स्नायूंसारखाच मध्यस्तरातून, म्हणजे गर्भाच्या मधल्या थरातून, होतो. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते, त्यामुळे अ‍ॅनो-१ ही क्लोराइड वाहिनी उघडते, क्लोराइड बाहेर पडतो आणि विद्युत विभवाची एक संथ लहर जाळ्यातून पुढे सरकत स्नायूत उतरते. लहर म्हणजे आकुंचन नव्हे. लहरीच्या माथ्यावर स्नायू किती आवळायचा हे बरेचसे नसांवर अवलंबून असते.

म्हणून नुसत्या रंगीत जाळ्याच्या चित्रावरून ‘लय आहे’ म्हणू नका. एकाच तुकड्याचे दोन भाग करा, एकात जाळे पाहा, दुसऱ्यात लय मोजा.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हाती आल्यावर ०, ५, १० आणि २० दिवसांची पिल्ले निवडा. प्रत्येक वयाची किमान तीन, तीही वेगवेगळ्या वेतांतली. लहान आतड्याची पूर्ण लांबी मोजून नेमका मधला २ सेंमी तुकडा घ्या. वरच्या आणि खालच्या भागातली लय वेगळी असते, त्यामुळे जागा हलली की वयांची तुलना संपली.

ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्रेब्स क्षारद्रावणाचे प्रमाण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड ११८.५, पोटॅशियम क्लोराइड ४.५, मॅग्नेशियम क्लोराइड १.२, सोडियम बायकार्बोनेट २३.८, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२, ग्लुकोज ११, कॅल्शियम क्लोराइड २.४. आधी ९७ टक्के ऑक्सिजन आणि ३ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा, पीएच ७.४च्या आसपास स्थिरावू द्या आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी घाला. घाई केली तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. द्रावण दुधी दिसले की सरळ ओतून द्या.

आतडे मेसेंटरीच्या, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या, कडेने उभे चिरा आणि सिलिकॉनचा थर दिलेल्या काचेच्या बशीत, कीटकसंग्रहाच्या बारीक टाचण्यांनी, श्लेष्मल थर वर ठेवून पसरा. बशी काचेचीच हवी. पुढे अ‍ॅसिटोन येणार आहे आणि पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. मूळ मापाच्या एक-दशांशापेक्षा जास्त ताणू नका. १० दिवसांपुढच्या पिल्लात श्लेष्मल थर चिमट्याने सोलता येतो. नवजात पिल्लाचा स्नायुथर इतका पातळ असतो की सोलताना तोच फाटतो. तिथे थर राहू द्या आणि नंतर बाहेरच्या बाजूने चित्र घ्या.

रंगवण्यासाठी थंड अ‍ॅसिटोनमध्ये १० मिनिटे ठेवा. एसीके-२ ही किट ग्राहीविरुद्धची (किट म्हणजे काहाल पेशींच्या पृष्ठभागावरचे ओळखखुणेचे प्रथिन) अँटीबॉडी पॅराफॉर्माल्डिहाइडवर नीट चिकटत नाही, फिकट चित्रांचे नेहमीचे कारण हेच. फॉस्फेट बफरने धुवा, १ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिनमध्ये तासभर ठेवा, मग मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम एसीके-२, ०.३ टक्के ट्रायटनसह, ४ अंशांवर रात्रभर. ही अँटीबॉडी घुशीत (रॅट) तयार केलेली असल्याने दुय्यम अँटीबॉडी, म्हणजे पहिलीला चिकटून चमकणारी, घुशीविरुद्धचीच लागते, पण उंदराच्या प्रथिनांना चिकटणारा भाग आधीच काढून टाकलेली. नाहीतर सगळी ऊती चमकते. सोबत सशातली अ‍ॅनो-१विरुद्धची अँटीबॉडी घाला. मास्ट या रोगप्रतिकारक पेशींवरही किट असते. त्या गोल, बिनफांद्यांच्या दिसतात. काहाल पेशी लांबट, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर १ मायक्रोमीटरच्या टप्प्याने चित्रे घ्या आणि सगळ्या थरांचे मिळून एकच सपाट चित्र करू नका. दोन स्नायुथरांमधल्या चेताजालाभोवतीचे (चेताजाल म्हणजे नसांचे जाळे) काहाल पेशींचे जाळे जन्मतःच असते. वर्तुळ स्नायूच्या आतल्या बाजूचे, खोल चेताजालालगतचे पेशीसमूह मात्र मुख्यतः जन्मानंतर आकाराला येतात. दोन्ही एका चित्रात मिसळले तर हा फरकच पुसला जातो, आणि जन्मानंतरच्या वाढीतली पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे.

मोजताना एक फसगत हमखास होते. पिल्लाबरोबर आतडेही वाढते, त्यामुळे एकूण पेशी वाढूनही दर चौरस मिलिमीटरची संख्या घटू शकते. घनतेशेजारी आतड्याची लांबी आणि परीघ लिहा, मगच ‘पेशी कमी झाल्या’ म्हणा.

दुसरा अर्धा तुकडा ३७ अंशांच्या वाहत्या क्रेब्समध्ये तासभर स्थिरावू द्या. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला, ५० ते ९० मेगाओहमचा काचेचा सूक्ष्म विद्युदग्र वर्तुळ स्नायूच्या पेशीत घाला. स्नायू हलला की टोक निसटते, म्हणून १ मायक्रोमोलर निफेडिपिन द्या. ते प्रकाशात बिघडते, बाटलीला फॉइल गुंडाळा. आकुंचन थांबते, लहरी चालू राहतात. प्रौढ उंदरात त्या मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात. मग १ मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिनने नसा बंद करा. लहरी तरीही टिकल्या तर ठेका नसांचा नाही हे त्याच तुकड्यात सिद्ध झाले.

तुलनेसाठी किट ग्राहीत दोष असलेले डब्ल्यू/डब्ल्यू-व्ही उंदीर ठेवा. त्यांच्या लहान आतड्यात चेताजालाभोवतीचे जाळे जवळजवळ नसते, खोल थरातल्या पेशी असतात आणि नेहमीच्या संथ लहरी दिसत नाहीत. जन्मानंतरही किटचा संदेश लागतो हे १९९२मध्ये दिसून आले: नवजात पिल्लांना एसीके-२ टोचल्यावर आतड्याची हालचाल बिघडली.

जाळे दिसते पण लय नाही, असे झाले तर आधी द्रावणाचे तापमान बशीतच मोजा. काही अंश उतरले तरी लहरी मंदावतात. मग वायू तपासा, मग चिरताना ऊती जास्त ताणली गेली का ते. लय आहे पण जाळे दिसत नाही, तर दोष बहुधा अ‍ॅसिटोन किंवा अँटीबॉडीत आहे. किट नाही, अ‍ॅनो-१ मात्र आहे, असे दिसले तर पेशी मेल्या असे लिहू नका. पेशी जिवंत राहूनही किट गमावू शकते.