सरकारी वकिलीत येणाऱ्यांसाठी: चाकूवरची चिठ्ठी

तालुका कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून उभं राहायला लागून मला २१ वर्षं झाली. नव्यानं येणारी मुलं-मुली पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, तुमच्या किती केसेसमध्ये शिक्षा लागली?" आमच्या पेशातले बरेचसे वाद या आकड्याच्या हव्यासातूनच उभे राहतात.

माझं दुसरंच वर्ष होतं. मारहाणीचा खटला, मुद्देमालात चाकू. पंच पिंजऱ्यात आला आणि म्हणाला, "सही माझीच हाय साहेब, पण कागद कोरा व्हता." मी कोर्टाची परवानगी घेऊन त्याला फितूर ठरवलं आणि उलटतपासात असा धरला की बिचारा घामाघूम झाला. मग चाकू परत बांधताना त्याच्या मुठीला लावलेली चिठ्ठी मी पहिल्यांदा नीट वाचली. पंचाच्या सहीखाली तारीख पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवसाची होती, म्हणजे ती सही पंचनाम्याच्या वेळी झालेलीच नव्हती. कागद तीन महिने माझ्याकडे होते. मुद्देमाल मात्र मी उघडून पाहिलाच नव्हता.

ती तफावत मी स्वतः कोर्टाच्या नजरेस आणून दिली. आरोपी सुटला. तपास अधिकाऱ्यानं माझ्याशी बोलणं टाकलं आणि मी 'मॅनेज' झाले असा अर्ज वरपर्यंत गेला. खुलासा लिहिताना हात थरथरत होता, पण आजही मी तेच करेन.

कारण पोलीस हे आपले अशील नाहीत. महाराष्ट्रात एकेकाळी आमचं पद पोलीस खात्याच्याच ताब्यात होतं. १९९५ मध्ये शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मोकळं करायला सांगितलं. त्याआधी, १९९४ च्या हितेंद्र ठाकूर निकालात न्यायालयानं बजावलं होतं की सरकारी वकील म्हणजे तपासयंत्रणेचं टपाल पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नव्हे. उलट बाजूचा धोकाही तेवढाच मोठा. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात सरकारी वकील बचाव पक्षाच्याच वकिलासारखा वागला, असे ताशेरे २००४ मध्ये ओढले गेले आणि फेरसुनावणी महाराष्ट्रात आणावी लागली. हे तिन्ही निकाल मुळातून वाचा, गाईडमधून नको.

कोर्टाबाहेरचं बोलणं हा वेगळा विषय. जळगावात सुरुवात करून देशभर नाव कमावलेले उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की कसाबनं बिर्याणी मागितलीच नव्हती. लोकांमध्ये त्याच्याविषयी निर्माण होणारी भावनिक लाट थोपवायला ते आपणच रचलं होतं. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, तरी हे मला पटलेलं नाही. लोक सरकारी वकिलाचा शब्द कोर्टाच्या शब्दाइतकाच खरा धरतात.

शेवटचं, खटला मागे घेण्याबद्दल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३२१ आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६० झालं आहे आणि पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. आमदार-खासदारांचे खटले तर २०२१ च्या आदेशामुळे उच्च न्यायालयाच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाहीत. पत्र वरून येईल, फोनही येतील. पण अर्जावर सही तुमची असते, म्हणून कागद स्वतः वाचा आणि कारणं स्वतःच्या शब्दांत लिहा. 'शासनाच्या आदेशानुसार' एवढ्या एका ओळीवर केलेला अर्ज माझ्यासमोर दोनदा फेटाळला गेला आहे.