फॅन बेल्ट, टेन्शनर, पुली: कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?

गॅरेजमध्ये ज्याला फॅन बेल्ट म्हणतात, तो पट्टा एकटा काम करत नाही. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, पुली त्याला फिरवते, टेन्शनर त्याला ताणून धरतो, आयडलर पुल्या त्याची वाट वळवतात आणि या सगळ्यांच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप चालतो. हा संच बदलायची वेळ आली की सर्व्हिस सेंटर कंपनीच्याच पार्टचा आग्रह धरते, तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक ‘बाहेरचा टाकू, तोच माल आहे’ असे सांगतो. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते. सबंध संचासाठी एकच उत्तर शोधू नये. कोणता भाग बाहेरचा चालेल आणि कोणता मुळीच चालणार नाही, हे भागागणिक ठरवावे.

त्याआधी नेमके काय बदलायचे आहे ते पाहावे. ठाणे आणि नवी मुंबईत केवळ किलोमीटरवरून बेल्टचे वय काढता येत नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या कोंडीत एसी लावून उभी असलेली गाडी किलोमीटर जोडत नाही, पण तिचा बेल्ट मात्र तापल्या इंजिनाजवळ पूर्ण बोजा घेऊन फिरतच असतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर चिखल आणि बारीक खडी पुल्यांच्या खाचांत अडकते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत पुल्यांवर गंज लवकर चढतो. त्यामुळे मॅन्युअलमध्ये एक लाख किलोमीटरचा आकडा दिलेला असला, तरी रोज कोंडीत अडकणाऱ्या गाडीचा बेल्ट त्याच्या बराच आधी तपासून घ्यावा.

बेल्टवर भेगा नाहीत म्हणून तो चांगला आहे, हा समज आता टाकून द्यावा. जुने निओप्रीन रबराचे बेल्ट भेगाळत असत. आजचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. ते भेगा न पडता टायरसारखे झिजतात. नव्या बेल्टच्या रिब, म्हणजे आतल्या बाजूच्या लांब उभट धारा, पुलीच्या खाचेत पाचरीसारख्या दोन्ही बाजूंनी घट्ट बसतात आणि त्यांची टोके खाचेच्या तळाला टेकत नाहीत. बेल्ट झिजला की दोन रिबांमधली दरी रुंदावते, टोके तळाला टेकू लागतात आणि पकड जाते. बेल्ट कंपन्या यासाठी प्लॅस्टिकचे छोटे गेज देतात. ते नसेल तर इंजिन बंद करून, किल्ली काढून बेल्ट थोडा पिळावा आणि दोन रिबांमध्ये अंगठ्याचे नख फिरवून पाहावे. नव्या बेल्टची दरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, तर झिजलेल्याची तळाशी पसरट झालेली लागते.

आवाज येत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू असताना, हात आणि सैल बाही दूर ठेवून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या रिबांच्या बाजूवर थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, तर एखादी पुली सरळ रेषेत नाही असे समजावे. आवाज एकदम वाढला, तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजेच ताण कमी पडतो आहे. यातल्या पहिल्या प्रकारात कितीही महागडा बेल्ट टाकला तरी आवाज थोड्याच दिवसांत परत येतो. नवा बेल्ट टाकूनही आवाज गेला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत खोट बेल्टची नसून पुलीची असते.

आता दुकानाच्या काउंटरवर यावे. वागळे इस्टेट असो की तुर्भे, तिथे तीन प्रकारचा माल समोर येतो. पहिला म्हणजे गाडीच्या कंपनीचे नाव असलेल्या खोक्यातला. दुसरा म्हणजे बेल्ट किंवा बेअरिंग बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला. गेट्स, कॉन्टिनेन्टल, बॅन्डो, फेनर, आयएनए, एसकेएफ ही त्यातली काही नावे. तिसरा म्हणजे ज्याचे नाव ऐकलेले नाही किंवा ओळखीच्या नावाची नक्कल वाटते असा. गाड्यांच्या कंपन्या स्वतः बेल्ट बनवत नाहीत, त्या तो अशाच कारखान्यांकडून घेतात. म्हणून गाडीवरचा मूळ बेल्ट काढल्यावर पुसून त्याच्या पाठीवरची छपाई वाचावी. कित्येकदा गाडीच्या कंपनीच्या क्रमांकाशेजारी बनवणाऱ्याचेही नाव असते, आणि मग दुसऱ्या खोक्यातला माल निर्धास्त घेता येतो.

त्याच छपाईत मापही असते. 6पीके1750 असे लिहिले असेल तर त्या बेल्टला सहा रिब आहेत, पीके हा रिबांच्या आकाराचा प्रकार आहे आणि लांबी 1750 मिलिमीटर आहे. दुकानदार 1740 किंवा 1760 चा बेल्ट पुढे करून ‘टेन्शनर सांभाळून घेईल’ म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. टेन्शनरचा हात ज्या मर्यादेत काम करण्यासाठी बनवलेला असतो तिच्या एका टोकाला तो पहिल्याच दिवशी जाऊन बसला, तर पुढे बेल्ट लांबल्यावर त्याला सरकायला जागाच उरत नाही. माप तंतोतंत जुळत असेल आणि नाव भरवशाचे असेल, तर साध्या बेल्टसाठी कंपनीच्या खोक्याचे जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

याला एक अपवाद आहे. काही लहान इंजिनांत टेन्शनरच नसतो; तिथला बेल्ट स्वतः किंचित ताणला जाणारा असतो आणि तो विशेष हत्याराने चढवावा लागतो. त्या जागी साधा बेल्ट स्क्रू-ड्रायव्हरने पुलीवर ओढून बसवणारे कारागीर भेटतात. असा बेल्ट आतून दुखावतो आणि अवेळी तुटतो. ताणणारा बेल्ट एकदा काढला की परत बसवूही नये.

टेन्शनर आणि आयडलर यांत पारखायचे असते ते बेअरिंग. बेल्ट उतरवल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. ती खरखरत असेल, डुगडुगत असेल किंवा ग्रीस संपल्यामुळे मोकळी सुटून भिरभिरत राहत असेल, तर तिचे आयुष्य संपले आहे. टेन्शनरचा हात इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसते चालू, असताना लांबून पाहावा. बारीक थरथर चालते. डोळ्यांना दिसतील असे झोके तो घेत असेल, तर त्यातले डॅम्पिंग, म्हणजे झोके जिरवण्याची ताकद, गेले आहे. हे भाग बेअरिंगच्या नावाजलेल्या कंपनीचे असतील तर बेधडक बाहेरून घ्यावेत. निनावी मात्र कधीच घेऊ नयेत, कारण पुलीचे बेअरिंग जाम झाले की नवा बेल्टही पाहता पाहता जळतो. बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर एकाच वेळी बदलावेत. मजुरी एकदाच लागते.

खरी सावधगिरी हवी ती क्रँकच्या पुलीबाबत. ती वरवर लोखंडी चकती वाटते, पण बहुतेक इंजिनांत तिच्या आतला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो आणि तो क्रँकशाफ्टची पिळाची कंपने शोषून घेतो. त्या रबराचा कडकपणा आणि कड्याचे वजन त्या विशिष्ट इंजिनासाठी ठरवलेले असते, आणि स्वस्त नकलेत नेमके तेच हरवते. ही पुली कंपनीचीच घ्यावी. गाडी चपळ होते म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या अॅल्युमिनियमच्या पुल्यांकडे तर वळूच नये. त्यातल्या पुष्कळशा पुल्यांत तो रबराचा थरच नसतो.

अल्टरनेटरच्या पुलीचेही असेच आहे. अनेक डिझेल गाड्यांत ती एकाच दिशेने पकडणारी क्लचची पुली असते. जुनी बिघडल्यावर खर्च वाचवण्यासाठी तिथे साधी घट्ट पुली बसवली, तर डिझेल इंजिनाचे हिसके थेट बेल्टवर आणि टेन्शनरवर येतात आणि थोड्या महिन्यांत तेही जातात. व्यासाकडेही लक्ष द्यावे. समजा क्रँकची पुली 150 मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची 55 मिलिमीटरची आहे. मग इंजिन मिनिटाला 750 फेरे घेत असताना अल्टरनेटर सुमारे 2045 फेरे घेईल. तीच पुली 65 मिलिमीटरची बसवली, तर सुमारे 1730. मोकळ्या पाम बीच रस्त्यावर हा फरक कळणारही नाही. ऑगस्टच्या संध्याकाळी दिवे, वायपर आणि एसी लावून माजिवड्याला अडकल्यावर मात्र बॅटरी हळूहळू उतरू लागते.

वॉटर पंप बाहेरचा घेताना पाते कोणत्या दिशेने फिरायचे आहे ते जुन्या पंपाशी ताडून पाहावे. बेल्टची पाठ ज्या पंपाला फिरवते, तो रिबांनी फिरणाऱ्या पंपाच्या उलट फिरतो.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा इंजिनातला टायमिंग बेल्ट ही वेगळी गोष्ट आहे, पण तिचा इथे एक संबंध येतो. काही डिझेल इंजिनांत फॅन बेल्ट उसवला की त्याचा धागा क्रँक पुलीमागून टायमिंग बेल्टखाली ओढला जातो, आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन उघडायची पाळी येते. आपले इंजिन त्या जातीचे असेल, तर या संचात कुठेही काटकसर करू नये.

नकली माल ओळखण्यासाठी खोक्यावर एमआरपी, निर्मितीचा महिना आणि वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता आणि स्कॅन होणारा कोड आहे का ते पाहावे. बेल्टवरची छपाई बोटाने पुसली जात असेल, तर तो तिथेच परत करावा.

वॉरंटीची भीती बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त दाखवली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. त्यावर पुढे अपिलेही झाली. प्रत्यक्षात वॉरंटीच्या काळात भांडत बसण्यापेक्षा हा संच सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्यावा, आणि मुदत संपल्यावर वर सांगितल्याप्रमाणे निवड करावी. पक्के बिल आणि खोके दोन्ही जपून ठेवावे.

बसवताना पुल्यांच्या खाचा तारेच्या ब्रशने साफ कराव्यात आणि बॉनेटखालच्या आकृतीप्रमाणे बेल्टची वाट जुळवावी. मग सरळ पट्टी लावून पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहावे. दोन पुल्यांमधल्या 300 मिलिमीटर अंतराला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असू नये. बेल्टवर कसलाही ड्रेसिंग स्प्रे मारू नये, त्यावर धूळ चिकटते. ज्या गाड्यांत अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो, तिथे आठवड्याभराने तो पुन्हा तपासावा. काढलेला बेल्ट ताणणाऱ्या जातीचा नसेल आणि अजून धड असेल, तर तो एक स्पॅनर आणि वाटेच्या आकृतीच्या फोटोसह डिकीत ठेवावा. माळशेज घाटात नेमका तोच साइज कुठे मिळणार?