मीन्स टेस्ट भरायला शिकताना

अमेरिकेत ग्राहक दिवाळखोरीच्या वकिलाकडे नव्याने काम सुरू केलं की थोड्याच दिवसांत फॉर्म १२२ए-१ समोर येतो. हा मीन्स टेस्टचा, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत तपासणाऱ्या चाचणीचा, पहिला फॉर्म. बेरीज-वजाबाकी सॉफ्टवेअर करतं. त्यात कोणता आकडा घालायचा, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं आणि बहुतेक चुका तिथेच होतात. २००५ साली दिवाळखोरी कायदा बदलल्यापासून त्याच्या चॅप्टर ७ खाली कर्जातून सुटका मागणाऱ्याला ही चाचणी द्यावी लागते. कर्जाचा मोठा भाग घरखर्चाचा नसून धंद्याचा असेल, तर ती लागूच होत नाही. म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या मागण्याआधी कर्जांची यादी वाचा. हे न पाहता दोन दोन दिवस फॉर्म भरत बसणारे नवखे पुष्कळ आहेत.

चाचणीचा जीव सहा महिन्यांच्या उत्पन्नात आहे. अर्ज ज्या महिन्यात दाखल होणार, त्याच्या आधीचे सहा पूर्ण कॅलेंडर महिने धरायचे. १२ ऑगस्ट २०२६ ला अर्ज असेल तर १ फेब्रुवारी ते ३१ जुलै. समजा अशिलाला दर दुसऱ्या शुक्रवारी २,८०० डॉलर ढोबळ पगार मिळतो आणि पहिला पगार ६ फेब्रुवारीला झाला. जुलैअखेर १३ पगार होतात, म्हणजे ३६,४०० डॉलर. फेब्रुवारीत ९,००० चा बोनस मिळाला असेल तर एकूण ४५,४००. त्याला सहाने भागून बाराने गुणलं की वार्षिक उत्पन्न ९०,८०० निघतं. तोच अर्ज सप्टेंबरमध्ये दाखल केला तर फेब्रुवारी गळतो, पगार १३ च राहतात आणि वार्षिक आकडा ७२,८०० वर येतो. एकदाच मिळालेला ९,००० चा बोनस वर्षाच्या हिशेबात १८,००० होऊन बसला होता! थांबणं पूर्णपणे कायदेशीर आहे. पण पगारावर जप्ती चालू असेल किंवा घराचा लिलाव तोंडावर असेल, तर महिनाभर थांबणं अशिलाला महागात पडतं. हा निर्णय वकिलाने अशिलाशी बोलूनच घ्यावा.

एखादी चिठ्ठी हरवलेली असतेच. अशा वेळी जुलैच्या शेवटच्या चिठ्ठीवरच्या वर्षारंभापासूनच्या एकूण रकमेतून जानेवारीच्या शेवटच्या चिठ्ठीवरची तशीच रक्कम वजा करा. सगळ्या चिठ्ठ्या हाताशी असल्या तरी हा ताळा घ्यावाच. सुटलेला ओव्हरटाइम त्यात सापडतो. हातात आलेला पगार कधीही धरू नका, कपातीआधीचाच धरा.

उत्पन्न करपात्र आहे की नाही, याला इथे अर्थ नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, भारतात करमुक्त असलेलं एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज, सगळं धरलं जातं. मराठी अशिलांना हे आवर्जून विचारा; लपवायचं नसतं, पण ‘ते तिकडचं आहे’ म्हणून ते सांगत नाहीत. सोशल सिक्युरिटी धरत नाहीत, आणि २०१९ पासून माजी सैनिकांचे अपंगत्वाचे लाभही नाहीत. नवरा-बायको एका घरात राहतात आणि अर्ज एकाचाच आहे, तरी दुसऱ्याचं उत्पन्न मांडावं लागतं. मग त्यातला जो भाग घरखर्चाला जात नाही, तो वजा करता येतो.

हे वार्षिक उत्पन्न राज्याच्या आणि कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या मीडियनच्या (मध्यम उत्पन्नाच्या) आत असेल, तर चाचणी तिथेच संपते. वर गेलं तर खर्च वजा करण्याचा फॉर्म १२२ए-२ भरायचा.

अन्न, कपडे, घर, गाडी यांचे आकडे अशिलाच्या खर्चाचे नसतात, आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) तक्त्यांतले असतात. गाडीवर कर्ज किंवा लीज नसेल तर गाडीच्या मालकीचा भत्ता मिळत नाही, फक्त चालवण्याचा मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रॅन्सम खटल्यात हे स्पष्ट केलं. ४०१के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात स्वेच्छेने टाकलेले पैसे चॅप्टर ७ च्या या फॉर्मवर वजा होत नाहीत. आईवडिलांना पाठवलेल्या पैशांचं मात्र नीट पाहा. वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग असलेल्या जवळच्या नातेवाइकाच्या देखभालीचा वाजवी आणि गरजेचा खर्च, तो नातेवाईक स्वतः भागवू शकत नसेल तर, वजा होतो. ते एका घरात राहत असण्याची अट नाही. त्यासाठी दर महिन्याच्या बँक हस्तांतराचा पुरावा, औषधांची बिलं आणि आईवडिलांच्या उत्पन्नाची कागदपत्रं फाइलला लावा. ‘घरी पाठवतो’ एवढं ट्रस्टीला, म्हणजे प्रकरण तपासणाऱ्याला, पुरत नाही.

शेवटी उरलेली मासिक रक्कम ६० ने गुणतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या अर्जांना गुणाकार १०,२७५ डॉलरच्या खाली असेल तर गैरवापराचं गृहीतक (अर्ज म्हणजे कायद्याचा गैरवापर, असं धरून चालणं) लागत नाही, १७,१५० च्या वर गेला तर लागतं. मधल्या पट्ट्यात तो बिनतारणी, फेडीत प्राधान्य नसलेल्या कर्जाच्या २५ टक्क्यांशी ताडून पाहतात. महिन्याला १९० उरले तर ११,४०० होतात. असं कर्ज ४८,००० असेल तर चौथाई १२,०००, म्हणजे अशील सुटला. कर्ज ४४,००० असेल तर चौथाई ११,०००, म्हणजे अडकला. म्हणून दवाखान्याचं जुनं, विसरलेलं बिलही यादीत आलंच पाहिजे.

गृहीतक लागलं तरी गंभीर आजार किंवा लष्करी सेवेचं बोलावणं अशा विशेष परिस्थितीने ते खोडता येतं. त्यासाठी प्रत्येक खर्चाचा वेगळा तपशील, कागद आणि शपथेवरचं निवेदन लागतं.

चाचणी पार झाली म्हणून शेड्यूल आय आणि जे (प्रत्यक्ष उत्पन्नाचा आणि खर्चाचा तक्ता) घाईत भरू नका. त्यांत महिन्याला भरपूर शिल्लक दिसली, तर एकूण परिस्थिती पाहून गैरवापर ठरवण्याची वाट न्यायालयाला मोकळी असते. धनकोंच्या बैठकीनंतर १० दिवसांत यूएस ट्रस्टी (अशा प्रकरणांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) गृहीतकाबद्दल आपलं निवेदन दाखल करतो. ते प्रतिकूल आलं, तर पुढच्या ३० दिवसांत एक तर प्रकरण रद्द करण्याचा किंवा दुसऱ्या चॅप्टरखाली नेण्याचा अर्ज येतो, नाहीतर तो का नाही याचं कारण. त्या दिवसांत चिठ्ठ्या शोधत बसायला लागू नये, म्हणून सहा महिन्यांचा ताळा कागदावर मांडून पहिल्या दिवसापासूनच फाइलमध्ये ठेवा.